सगळ्या फायलींत वाल्मिक

वाल्मिक गर्जे तालुका आरोग्य कार्यालयात डेटा ऑपरेटर होता. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या अकरा महिन्यांची ऑर्डर घेऊन हजर व्हायचं, असं सात वर्षं चाललेलं. त्या एका दिवशी कार्यालय ठप्प होत असणार, अशी त्याची मनापासून समजूत होती. खरंच होतं का, हे मात्र त्यानं कधी कोणाला विचारलं नाही. उत्तराची धास्ती वाटायची. हे तो आता स्वतःच सांगतो, आणि सांगताना सगळ्यांच्या आधी स्वतःच हसतो.

तालुक्याचं ते गाव नगरहून पूर्वेला, एसटीनं दीड-दोन तासांच्या वाटेवर. तालुक्यात एकतीस उपकेंद्रं. प्रत्येक उपकेंद्राकडून दर महिन्याला लहान मुलांच्या लसीकरणाची यादी एक्सेलच्या फायलीत यायची आणि प्रत्येक यादीची तऱ्हा निराळी. कोणी आडनाव आधी लिही, कोणी शेवटी. कोणी प्रत्येक नावामागे ‘चि.’ आणि ‘कु.’ लावी, जणू लग्नाची पत्रिका छापायची आहे. एका सिस्टर तर बारसं झालेलं नसलं की नुसतं ‘बाळ’ लिहायच्या, त्यामुळे त्यांच्या गावात एकाच महिन्यात नऊ बाळं भरायची.

हे निस्तरायला वाल्मिकनं एक मॅक्रो तयार केला होता. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदा शिकवून ठेवलेलं काम. बटण दाबलं की पन्नास पायऱ्या तो स्वतःच चढतो. वाल्मिकचा मॅक्रो नावांतल्या जादा मोकळ्या जागा काढायचा, ‘चि.’, ‘कु.’ उडवायचा, आडनाव शेवटी न्यायचा, आणि एकच नाव दोनदा आलं असेल तर दुसरं पुसून टाकायचा. त्याचं नाव त्यानं ‘वाल्मिकमास्टर’ ठेवलं. दुसरं कुठलं ठेवावं हे त्याच्या मनातही आलं नाही.

पण या मास्टरची एक अडचण होती. तो ज्या फायलीत जन्मला तिथेच राहायचा. दुसरी कुठलीही यादी साफ करायची तर आधी ती जुनी फाईल उघडा, मग नवी उघडा, मग मॅक्रोला हाक मारा. महिन्याला एकतीस वेळा. फाईल उघडायची राहिली की मॅक्रो सापडायचा नाही, आणि वाल्मिक ‘व्हायरस आला’ म्हणून मोकळा व्हायचा.

भाद्रपदात एकदा तो नवा मॅक्रो नोंदवत बसला होता. कॉम्प्युटरनं नेहमीप्रमाणे विचारलं, हा ठेवू कुठे? वाल्मिक इतकी वर्षं पहिला पर्याय घेऊन पुढे जायचा. त्या दिवशी हाताला चाळा म्हणून त्यानं पर्यायांची पट्टी खाली उघडली. आत तीन पर्याय होते. याच फायलीत. नव्या फायलीत. आणि ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’. हा तिसरा पर्याय त्यानं पूर्वीही एकदा ओझरता पाहिला होता, पण सरकारी कॉम्प्युटरवर पर्सनल काही ठेवू नये, अशी सूचनाच भिंतीवर चिकटवलेली होती. वाल्मिकनं सात वर्षं ती पाळली. एवढ्या निष्ठेनं त्यानं दुसरी कुठली सूचना पाळल्याचं कोणाला आठवत नाही.

त्यानं मोबाईलवर शोधून वाचलं. या पर्सनल फायलीत मॅक्रो ठेवला की एक्सेल उघडताना ती फाईलही गुपचूप मागे उघडते. डोळ्यांना दिसत नाही, पण असते. मग कुठलीही यादी उघडा, मॅक्रो हजर. त्यानं वाल्मिकमास्टर त्या फायलीत हलवला, त्याला कंट्रोल आणि डब्ल्यू ही बटणं दिली – डब्ल्यू वाल्मिकचा – आणि तीन याद्या लागोपाठ साफ करून पाहिल्या. चालला. तो उठून चहा प्यायला गेला आणि टपरीवाल्याला स्पेशल सांगितला.

दुसऱ्या दिवशी मॅक्रो गायब.

त्यानं आधी विजेला दोष दिला, मग अँटिव्हायरसला. मग समोरच्या टेबलावरच्या पुष्पावती भिंगारदिवे मॅडमना विचारलं, “मॅडम, काल मी गेल्यावर माझ्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला का?”

पुष्पावतीबाई कार्यालयातल्या जुन्या लिपिक. बावन्न-त्रेपन्न वय, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, “नाही. बंद करताना काही विचारलं होतं का त्यानं?”

“कोणी?”

“कॉम्प्युटरनं.”

विचारलं होतं. पर्सनल वर्कबुकमधले बदल जतन करू का, असं काहीतरी. अनोळखी प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं, हा वाल्मिकचा कॉम्प्युटरच्या बाबतीतला एकमेव सिद्धांत. त्यानं ‘नाही’ म्हटलं होतं. वीज, अँटिव्हायरस आणि भिंगारदिवे मॅडम तिघंही निर्दोष सुटले. पुष्पावतीबाईंना नेमका तोच प्रश्न कसा सुचला, हे त्याला तेव्हा खटकायला हवं होतं. खटकलं नाही. मॅक्रो पुन्हा बसवायच्या गडबडीत होता.

या वेळी ‘होय’ म्हटलं आणि मॅक्रो टिकला. आठवडाभरात ही बातमी वाल्मिकनं स्वतःच इतकी पसरवली, की साहेबांनी, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी, जिल्ह्याच्या बैठकीत ती पुढे सांगितली. तिकडून निरोप आला: नगरला चौदाही तालुक्यांच्या ऑपरेटरांचं प्रशिक्षण आहे, त्यात तुमच्या माणसानं अर्धा तास हे दाखवावं.

वाल्मिकनं निळा शर्ट इस्त्रीला दिला. एसटीत उभ्यानं प्रवास केला, बसलं तर चुरगळेल म्हणून.

हॉल भरलेला. अकोले तालुक्यापासून कर्जतपर्यंतचे ऑपरेटर वह्या उघडून बसलेले. जिल्ह्याच्या सुकन्या मॅडमनी त्याची ओळख करून दिली आणि आपला लॅपटॉप पुढे सरकवला. पडद्यावर एक यादी उघडली होती. वाल्मिकनं घसा साफ केला.

“मित्रांनो, आपण किती दिवस फायली उघडत बसणार? एकदा हे केलं की मॅक्रो सगळ्या फायलींत मिळतो. सगळ्या म्हणजे सगळ्या. आता माझा हात बघा.”

त्यानं कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं. यादी पडद्यावरून नाहीशी झाली.

“लाईटचा प्रॉब्लेम असेल,” तो म्हणाला. पंखे गरगर फिरत होते. त्यानं यादी पुन्हा उघडली आणि पुन्हा तीच बटणं दाबली. यादी पुन्हा नाहीशी. तिसऱ्यांदा त्यानं जोर लावून दाबलं, जणू बटणाच्या खालीच काही अडकलंय. तिसऱ्यांदाही पडदा कोरा. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “साफ म्हणजे एकदम साफ केली की यादी!”

हॉल हसला. सुकन्या मॅडमनी हसू आवरून हलक्या आवाजात सांगितलं, “सर, ती पर्सनल फाईल तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहिली ना. या लॅपटॉपवर नाहीये ती. आणि कंट्रोल डब्ल्यू म्हणजे मुळात फाईल बंद करायचं बटण.”

मूळचं बटणच ते होतं. सात वर्षं माऊस हलवून फाईल बंद करणाऱ्या वाल्मिकला हे ठाऊक नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? उरलेली पंचवीस मिनिटं सुकन्या मॅडमनी सांभाळून घेतली. येताना एसटीत बसायला जागा होती. तो बसला. शर्टाचं काय व्हायचं ते होऊ दे.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण फजिती झाली की काहीतरी भरीव करून दाखवायची उबळ येते, आणि वाल्मिकला ती फार जोराची आली. ‘सगळ्या फायलींत’ म्हटलं होतं ना? मग निदान आपल्या कार्यालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर तरी हा मॅक्रो असलाच पाहिजे. कार्यालयात कॉम्प्युटर तीन. एक त्याचा, एक साहेबांच्या खोलीतला, एक पुष्पावतीबाईंचा.

दुसऱ्या दिवशी पुष्पावतीबाई पंचायत समितीत बैठकीला गेल्या होत्या. वाल्मिकनं आपली पर्सनल फाईल पेन ड्राईव्हवर घेतली. साहेबांच्या कॉम्प्युटरवर ती नेमक्या फोल्डरात टाकली. काही अडचण आली नाही. मग तो पुष्पावतीबाईंच्या खुर्चीवर बसला आणि तेच फोल्डर उघडून फाईल टाकायला गेला, तर कॉम्प्युटरनं विचारलं: इथे याच नावाची फाईल आधीपासून आहे. तिच्या जागी ही ठेवू का?

मागच्या वेळी ‘नाही’ म्हणून तो फसला होता. त्या अनुभवातून वाल्मिक शिकला होता. त्यानं ‘होय’ दाबलं.

सुट्टीनंतर सोमवारी सकाळी पुष्पावतीबाई आल्या, पर्स ड्रॉवरमध्ये ठेवली, चष्मा लावला. वाल्मिक त्यांना सुखद धक्का द्यायच्या तयारीत आपल्या टेबलाशी बसून होता. त्यांनी एक फाईल उघडली, काम झालं, आणि सवयीनं बंद करायला कंट्रोल डब्ल्यू दाबलं. पडद्यावरची नावं त्यांच्या डोळ्यांदेखत हलायला लागली. आडनावं उड्या मारून मागे गेली, दोन ओळी पुसल्या गेल्या. मॅक्रोनं केलेलं उलटं फिरवता येत नाही, हे बाईंना माहीत असावं. त्यांनी उलट फिरवायचा प्रयत्नही केला नाही. फाईल जतन न करता बंद केली आणि मॅक्रोंची यादी उघडली.

“वाल्मिक,” त्या म्हणाल्या, “इथे एकच नाव दिसतंय. वाल्मिकमास्टर.”

चोरानं कुलूप तोडावं आणि जाताना उंबऱ्यावर आधार कार्ड ठेवून जावं, तसं झालं होतं.

“तुमच्यासाठीच टाकला, मॅडम. सगळ्या फायलींत चालतो.”

“माझे सात होते,” पुष्पावतीबाई म्हणाल्या.

“सात काय?”

“मॅक्रो. याच फायलीत. पाच वर्षांचे.”

वाल्मिकला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या शोधासाठी त्यानं टपरीवर स्पेशल चहा घेतला होता, तो समोरच्या टेबलावर पाच वर्षं रोज चालत होता. बाईंनी दुपारच्या डब्याच्या वेळेत मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघून एकेक मॅक्रो लिहिला होता.

“पण मॅडम, तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कोणी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. रागावून नाही. ते जास्तच लागलं.

त्यानं सगळं करून पाहिलं. कचऱ्याचा डबा धुंडाळला. जागेवरच बदललेली फाईल तिथे जात नसते. सुकन्या मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “दुसरीकडे कुठे प्रत ठेवली होती का?” पुष्पावतीबाईंनी मान हलवली. “कोणी येऊन बदलेल असं वाटलं नव्हतं.”

नुसते मॅक्रो गेले असते तर वाल्मिकनं दोन दिवस मान खाली घालून काढले असते. पण दसरा तोंडावर आला होता. दसऱ्याच्या आगेमागे तालुक्यातल्या निम्म्या वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरवर संसार चढवून कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. सोबत लहान पोरं असतात. त्यांच्या लशी निघायच्या आधी द्यायच्या, आणि वाटेत कुठली लस कधी घ्यायची ते कार्डावर लिहून द्यायचं, त्यासाठी दर वर्षी प्रत्येक आशाताईला तिच्या गावाची एक यादी जायची. ही यादी कार्यालयातून आपोआप निघते, म्हणजे अर्थातच आपल्या साफ केलेल्या फायलींतून निघते, असं वाल्मिक धरून चालला होता. ती निघायची पुष्पावतीबाईंच्या सातव्या मॅक्रोतून.

“याद्या बुधवारपर्यंत जायला हव्यात,” बाई म्हणाल्या. “आज सोमवार. हातानं करावं लागेल. सोळा उपकेंद्रं मी घेते, पंधरा तुम्ही.”

वाल्मिक साहेबांच्या खोलीत गेला आणि काय झालं ते सांगितलं. साहेब म्हणाले, “म्हणजे नगरला तू जे दाखवायला गेला होतास, ते त्यांना आधीच येत होतं?” वाल्मिक ‘हो’ म्हणाला. साहेब म्हणाले, “याद्या वेळेत जाऊ देत. बाकीचं नंतर.”

दोन दिवस दोघं याद्या घेऊन बसली. जन्मतारीख बघायची, आठवडे मोजायचे, कुठला डोस झालाय, कुठला राहिलाय, घर ऊसतोडीला जाणारं आहे का ते बघायचं. वाल्मिकला पहिल्यांदाच त्या नावांच्या शेजारचे रकाने वाचावे लागले. इतकी वर्षं तो फक्त नावं सरळ करत होता. मंगळवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की बाई सात गावं पुढे आहेत. त्यानं मग वेळ वाचवला. आपल्या पंधराही याद्यांवर आधी वाल्मिकमास्टर चालवून घेतला, म्हणजे निदान नावं तरी नीट दिसतील. बुधवारी दुपारी सगळ्या याद्या गेल्या. वाल्मिकला जरा बरं वाटलं. नुकसान झालं खरं, पण भरून काढायला आपणच होतो, असाही एक विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला.

गुरुवारी सकाळी बोरखिंडीच्या आशाताई भागिरथी यांचा फोन आला.

“आवं सर, आमच्या वस्तीवर दोन कानिफनाथ हायेत. तुमी एकच धाडला. दुसरा काय देवाला वाहिला व्हय?”

“दोनदा आलं असेल नाव, ताई. म्हणून एक काढलंय.”

“दोनदा न्हाई आलं, दोन पोरं हायेत. दोघांचं बाप अजिनाथ. दोघं दहिफळे. एक वरल्या आळीचा, एक खालच्या. येक चालतंय, दुसरं आजून रांगतंय. म्या सिस्टरला सांगितलं, दोगं लिवा, तर सिस्टर म्हनली लिवलेत की. मग कुठं गेला?”

वाल्मिकनं फोन कानाला तसाच ठेवून समोर पाहिलं. पुष्पावतीबाईंनी ऐकलं होतं.

“साफ केलेल्या याद्या घेतल्या होत्या का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मी त्या कधीच घेत नाही. उपकेंद्रांच्या मूळ फायली घेते.”

“का?”

“तुमच्या यादीत मुलं कमी भरतात.”

त्यांनी हे सांगितलं तेव्हा आवाज अगदी सपाट होता, पाऊस पडतोय म्हणावं तसा. मढीचं कानिफनाथांचं देवस्थान जवळ, त्यामुळे या भागात दर चौथ्या घरी कानिफनाथ. भावकी एक, आडनाव एक. वाल्मिकचा मॅक्रो फक्त नाव बघायचा, जन्मतारीख बघायची त्याला शिकवलंच नव्हतं. बाईंच्या मॅक्रोत एकसारखी दोन नावं दिसली की ओळ पिवळी व्हायची आणि त्या आशाताईंना फोन करून विचारायच्या.

“तुम्ही मला सांगायचं ना, मॅडम.”

“दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटर चुकत नाही.”

त्याला ते आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

मूळ फायली काढून ताडून बघितल्यावर पंधरा उपकेंद्रांत मिळून अकरा मुलं गळालेली निघाली. वाल्मिकनं कागदावर अकरा नावं लिहिली आणि एकेका आशाताईला फोन लावत सुटला. ‘माझ्याकडून राहिलं’ हे वाक्य त्यानं त्या सकाळी अकरा वेळा म्हटलं. चौथ्या वेळेपर्यंत जड गेलं, मग पाठ झालं. नऊ पोरांची घरं अजून गावातच होती. त्या त्या सिस्टर त्यांचं बघणार होत्या. एका बाळाची टोळी आदल्या दिवशीच गेली होती. आणि अकरावा, भागिरथीबाईंच्या वस्तीवरचा धाकटा कानिफनाथ.

“त्यांचा ट्रक भराय लागलाय,” त्या म्हणाल्या. “तास-दीड तास हाय फार तर.”

धनश्री सिस्टर त्या दिवशी लशी न्यायला तालुक्याला आल्या होत्या. बोरखिंड त्यांच्याच उपकेंद्राखाली. लशीचा डबा खांद्याला अडकवून त्या वाल्मिकच्या मोटारसायकलवर मागे बसल्या.

“तुम्ही कधी आलाय का वस्तीवर?” त्यांनी वाटेत विचारलं.

“नाही.”

“तिथं सगळे तुम्हाला ओळखतात. यादीखाली तुमचं नाव असतं ना.”

कार्यालयाच्या सगळ्या याद्यांच्या कागदावर ते त्यानंच छापून घेतलेलं. ‘संकलन : वा. गर्जे’. प्रत्येक पानावर.

वस्तीच्या तोंडाशीच ट्रक उभा होता. वर भांडी, गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांची डालगी, आणि त्यावर बसलेली चार-पाच पोरं. खाली मुकादम मोबाईलवर कोणालातरी ‘निघालोच’ म्हणून सांगत होता. भागिरथीबाई पदर खोचून पुढे आल्या आणि एका तरण्या बाईला बखोटीला धरूनच घेऊन आल्या. तिच्या कडेवर कानिफनाथ. नऊ महिने आणि बारा दिवसांचा, डोक्याला झबल्याच्या रंगाची टोपी, हातात चमचा. ज्याला वाल्मिकनं मंगळवारी एका बटणात पुसलं होतं, तो आता त्याच्याकडे टक लावून बघत होता.

“आशाताई म्हनल्या यादीत न्हाई,” त्याची आई दिपाली म्हणाली.

“होता,” वाल्मिक म्हणाला. “मी काढला. नाव सारखं होतं म्हणून.”

दिपालीला हसू आलं. “आमच्या हितं समद्यांचीच नावं सारखी. म्हून पोरं कमी व्हत्यात व्हय?”

धनश्री सिस्टरनी सुई दिली. कानिफनाथनं चमचा फेकला आणि एवढा आवाज केला की ट्रकवरच्या कोंबड्याही ओरडायला लागल्या. सिस्टरनी कार्डावर लिहिलं आणि मुकादमाला सांगितलं, “अर्धा तास थांबावं लागेल. बाळाला काही होतंय का ते बघायचं असतं.”

“अर्धा तास?” मुकादम खवळला. “म्होरं दोन वस्त्यांवर मानसं रस्त्यावर बसलीत माझी! आन् हे कोन सायेब? डॉक्टर का?”

“नाही,” वाल्मिक म्हणाला.

“मग?”

डेटा ऑपरेटर म्हणायचं जिभेवर येईना. “मी नावं लिहितो,” तो म्हणाला.

“मग लिवा की. थांबलाय कशापायी?”

“चुकलं होतं. ते बघायला आलोय.”

मुकादमानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “बरं, मग रिकामं कशाला हुबं ऱ्हाता? ती पेटी धरा जरा.” तो अर्धा तास वाल्मिकनं पेट्या वर चढवल्या. एक पेटी त्याच्या पायावर पडली. ऐकणाऱ्याला हे सांगताना तो आवर्जून थांबतो, कारण इथे बहुतेकांना बरं वाटतं.

ट्रक गेला. वळणावर दिपालीनं हात केला, तो बहुधा भागिरथीबाईंना.

उरलेल्या एका बाळासाठी चार दिवस गेले. कर्नाटकातला कुठला कारखाना, तिथे जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, तिथल्या सिस्टरचा नंबर कोणाकडे. वाल्मिकला कन्नड येत नाही आणि त्या सिस्टरला मराठी येत नव्हती. शेवटी तो बाळाचं नाव, बापाचं नाव आणि ‘इंजेक्शन’ एवढे तीनच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. चौथ्या दिवशी मोबाईलवर एका कार्डाचा फोटो आला, त्यात त्या दिवसाची तारीख टाकलेली. त्यानं तो पुष्पावतीबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली आणि “हं” म्हणाल्या. सात वर्षांत त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी, असं त्यानं धरलं.

दिवाळीनंतर मॅक्रो पुन्हा लिहायचे ठरले. बाई म्हणाल्या, “मी सांगते, तुम्ही टाईप करा.” वाल्मिकनं पहिल्याच ओळीला विचारलं, या मॅक्रोला नाव काय द्यायचं. बाईंनी गावाचं नाव सांगितलं नाही, माणसाचं तर नाहीच. नुसतं ‘स्थलांतर’ लिहायला लावलं. कोड त्यांना तोंडपाठ नव्हता. मधेच थांबायच्या, डोळे मिटायच्या, बोटांनी हवेत काहीतरी मोजायच्या, “नाही, ती ओळ आधी होती,” म्हणायच्या. पाच वर्षांत साठलेलं दोन आठवड्यांत परत येत नव्हतं. दोन मॅक्रो तर त्यांना आठवलेच नाहीत. त्यांचं काम अजून हातानंच चालतं आणि ते वाल्मिककडे आहे.

एका दुपारी ते एकसारख्या नावांपाशी आले. बाईंनी विचारलं, “दोन नावं सारखी दिसली तर काय करायचं, सांगा.”

“पुसायचं नाही,” वाल्मिक म्हणाला.

“ते झालं. पण करायचं काय?”

त्यानं विचार केला. “आधी जन्मतारीख बघायची. तीही सारखी असली तर पिवळं करून फोन लावायचा.”

“जन्मतारीख सारखी आणि जुळी असली तर? एकाचं नाव ‘बाळ’, दुसऱ्याचंही ‘बाळ’?”

वाल्मिकनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली, आणि म्हणाल्या, “खा आधी. हे मलाही अजून जमलेलं नाही.”